गप्प पहारेकरी

“अरे मुडद्या, ओरड की!” जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत पडद्यावरच्या पहारेकऱ्याला कुणीतरी दिलेली ती हाळी शालनच्या कानातून अजून गेली नव्हती. सगळा तंबू हसला. तिचे आबा तेवढे उठून बाहेर गेले. पतपेढीवर दरोडा पडला तेव्हा पहाऱ्यावरचे आबाही असेच गप्प राहिले होते. ‘भित्रा’ हे नाव त्यांना मरेपर्यंत चिकटलं.

आबा गेले आणि महिन्याभरात टीव्हीवर तोच सिनेमा लागला. पहारेकऱ्यानं कंदिलाच्या उजेडात चोराचं तोंड पाहिलं आणि ओठांवरची शिट्टी खाली घेतली.

“हे काही पटत नाही,” शालन म्हणाली. “हा ओरडला का नाही? आबांचंही मला कधी कळलं नाही.”

आई आबांच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिली.

“तुझे आबा भ्याले नव्हते गं. समोर माझा भाऊ होता.”