उजवीकडचं मागचं दार

डाव्या मागच्या दारातून सतरा भाग निघाले. उजव्या मागच्या दारातून अठरा.

तिने पुन्हा मोजले. वर्तमानपत्रावर दोन रांगा मांडल्या होत्या. आठ स्क्रू, तीन सळ्या, दोन क्लिपा, हँडल, बटण, स्प्रिंग आणि दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या खुंटीला धरून ठेवणारा पंजा. उजव्या रांगेत शेवटी तारेचा एक वाकडा तुकडा जास्त होता. दोन सेंटिमीटर. कशाचा, ते कळेना.

शिवाय उंदरांचं घरटं निघालं होतं, पण ते तिने भागांत धरलं नाही. कुरतडलेला फोम, लेंड्या आणि वाळून चामडं झालेली एक पाल. मुताचा वास नाकातून थेट जिभेवर उतरत होता.

गॅरेजच्या पायरीवर बाबा चहा पीत होते. भुरका, खोकला, पुन्हा भुरका. हनुवटीला चिकटलेली साय त्यांना जाणवतही नव्हती.

"बाकी सगळी गाडी खोल," ते म्हणाले. "त्या दाराच्या वाटेला जाऊ नकोस म्हटलं होतं."

"म्हणून तर आधी तेच खोललं."

सव्वीस वर्षांपूर्वी चालत्या गाडीत हे दार उघडलं होतं. बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी. मागे दोघंच होती. सहा वर्षांची ती आणि दुपट्यात झोपलेला दहा महिन्यांचा भाऊ. नऊ किलोचा तो गोळा ती दिवसभर कडेवर घेऊन मिरवायची. त्या दिवसातला फक्त वारा तिला आठवत होता, आणि सीटवरचं रिकामं दुपटं.

बाबांनी पोलिसांना, आईला, आत्याला एकच वाक्य सांगितलं होतं. "लॉक खराब होतं. माहीत असून मी दुरुस्त केलं नाही." आई तिला घेऊन मामाकडे गेली ती गेलीच.

आता बाबांचं घर विकलं जात होतं. गाडी एक शौकीन माणूस घेणार होता. चारही दारं चालू हवीत, एवढीच त्याची अट. राहता राहिले बाबा.

"अगं, म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठं?" आत्या रोज फोनवर विचारायची. "तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे ना?"

"आधी लॉक बघते, आत्या. किती खराब होतं ते कळू दे. मग खोलीचं सांगते."

"लॉक बघून बाप ठरवतेस होय गं?"

"हो."

वस्तू उघडून बघायची खोड तिला पहिल्यापासूनच होती. पेन, टॉर्च, स्विच, हाताला लागेल ते खटखट वाजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बाबा तिला तेव्हा खटकी म्हणायचे. गाडी बंद पडली तशी ती हाकही बंद पडली. तिलाही ती नकोच होती.

उजव्या दाराचे अठराही भाग डब्यात भरून ती कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे गेली. त्याने डोळ्याला भिंग लावलं.

"अठरावा भाग वगैरे काही नाही, ताई. ही स्प्रिंगचीच शेपटी."

"म्हणजे स्प्रिंग तुटली होती."

"तुटलं की टोक खडबडीत राहतं. हे दोन्हीकडून चिमटलंय बघा. पकडीने कापलीय कुणीतरी." तो हसला. "स्प्रिंग काय स्वतःचे केस स्वतः कापते? बाकी माल शाबूत आहे. पंजा तर नव्यासारखा."

दुकानाबाहेर येऊन ती गटारात थुंकली. निष्काळजी बाप तिने कसाबसा गिळला होता. हा घशाखाली उतरेना.

ती परतली तेव्हा बाबा चहात बिस्कीट बुडवत होते. भिजलेला तुकडा कपात पडला. त्यांनी तो बोटाने काढून खाल्ला आणि बोट चाटलं. तिने नजर फिरवली.

"स्प्रिंग कुणी कापली?"

बोट तोंडापाशीच राहिलं. "सांगितलं ना, लॉक खराब होतं."

"आपोआप?"

"खराब होतं. विषय संपला. ते फेक आणि नवीन बसव."

फेकायचं नाही, त्यांच्या नाकासमोर दाखवायचं, असं तिने ठरवलं. कापलेली स्प्रिंग घालून लॉक जोडलं, दारात बसवलं आणि दार आपटलं. दार खांबाला लागून परत आलं. तिने पुन्हा आपटलं. दहा वेळा आपटलं, दहाही वेळा परत आलं. वहीत लिहिलं: कापलेली स्प्रिंग, दहापैकी शून्य.

पेन्सिल तिथेच थांबली. गाडी जागेवर उभी होती, तरी दार लागत नव्हतं. त्या दिवशी ते उघडलं, तोवर गाडी घरापासून साठ किलोमीटर आली होती. म्हणजे तोवर स्प्रिंग शाबूत होती.

तिने डाव्या दाराची स्प्रिंग घेतली. दोन्हीकडची सारखीच होती. ती घालून दार आपटलं. बसलं. बुक्की मारली, खांद्याने धक्के दिले, लाथ घातली. गाडी हलली, उंदरांची घाण दाराच्या खालच्या फटीतून तिच्या पायावर सांडली. दहापैकी दहा वेळा दार बंदच राहिलं.

मग ती आत शिरून मागच्या सीटवर बसली. काचेखालचं लॉकचं बटण वर उचललं.

खटक.

बाबा पायरीवरून उठले. कप कलंडला, चहा पायजम्यावरून ओघळला. ते गाडीपाशी आले, पण आत पाहिलं नाही.

"पुरे आता," ते म्हणाले. त्यांचा आवाज भलताच मऊ होता. "हात धू जा. घाण आहे ती."

सहा वर्षांच्या हाताला केवढा जोर लागला असता ते बघायला तिने सामान तोलायचा हुकाचा काटा आतल्या हँडलला अडकवला आणि ओढला. दहा वेळा. प्रत्येक आकडा लिहिला, बेरीज केली, दहाने भागलं.

बटण खाली असताना: दार उघडलं नाही.

बटण वर असताना: नऊशे चाळीस ग्रॅम.