अवजारांचा विसावा

दसऱ्याच्या सकाळी गुरुप्रसाद आंघोळ करून आला तर संगणक बंद आणि त्याच्यावर झेंडूचं फूल. माणसं मुंबईला गेल्यामुळे वाडीतल्या बंद पडलेल्या शाळेचे चाळीस वर्षांचे फोटो त्यात होते. जागा पुरेना म्हणून कालपासून लिनक्स प्रणालीवर फोटोंचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, सरकवायला लावलेलं; मध्येच वीज गेली की सगळं विस्कटतं. आधी प्रत काढून ठेवायचा त्याने कंटाळा केला होता. “आई, बटण तू बंद केलंस?” “मीच. आज अवजारांना राबवत नाहीत रे.” त्याने संगणक सुरू केला. पार्टिशन गायब, त्यातले फोटोही. तिला सांगून उपयोग नव्हता. हरवलेलं पार्टिशन शोधायच्या आज्ञा तो टाइप करू लागला. आईने त्याचे हात कीबोर्डवरून उचलले. “आणि ही अवजारं?” म्हणत बोटाबोटाला ओलं कुंकू लावलं. कुंकू वाळेपर्यंत गुरुप्रसाद हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिला.