हिरवी ओढणी

“काजळी पान्हा सोडत नाही गं, तुझ्याच हाताची सवय तिला. रविवारी तरी येऊन जा,” आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा नलूच्या मांडीवर बैलाची कवटी होती. जनावरांच्या डॉक्टरकीचं पहिलं वर्ष, आणि सोमवारी हाडांची तोंडी परीक्षा. “पुढच्या रविवारी नक्की,” ती म्हणाली. “तोवर माझी हिरवी ओढणी अंगावर घेऊन धार काढ. वासानं फसेल ती.”

म्हैस फसली. पुढचे रविवारही परीक्षांतच गेले. हळूहळू आईचं बोलावणं थांबलं. “अभ्यास कर निवांत,” ती म्हणायची. “आता मी ओढणी घेतही नाही. गोठ्यात खुंटीला नुसती टांगली, तरी चरवी भरते.” नलूला हसू आलं. चरवी भरतं कोण, हे विचारायचं राहून गेलं.

दिवाळीला ती न कळवता घरी पोचली, तेव्हा दिवेलागण झाली होती. गोठ्यातून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. काजळीच्या पोटाला डोकं टेकून, हिरवी ओढणी घेतलेलं कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

“आई,” नलूनं हाक मारली.

काजळीनं मान वळवून नलूचे हात हुंगले आणि ती बिचकली. हातांचा फॉर्मॅलिनचा वास साबणानंही गेला नव्हता.

आई आली ती स्वयंपाकघरातून, पदराला हात पुसत.

“कोण हवंय बाई?” तिनं नलूला विचारलं. मग गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, “नलू, तुझ्याकडे कुणीतरी आलंय गं.”