रिंकचे पाय

"थंडी? कुठाय?" रिंकनं मान वळवून चौफेर पाहिलं.

"थंडीचं नाव मी घेतलेलं नाही," वीबे घाईघाईनं म्हणाला. "वारा आहे म्हणालो. वारा."

"हां, मग ठीक. मला वाटलं, यंदा पुलावरच एप्रन बांधतोस की काय!"

जानेवारीतली त्यांची पैज अशी. पुलापासून आफ्केच्या खानावळीपर्यंत कालव्याच्या काठानं चालायचं. गळाला लावलेला रबरी मासा पाण्यात लांब फेकायचा, दोरी गुंडाळत आणायचा, चार पावलं पुढं जाऊन पुन्हा फेकायचा. जो आधी 'थंडी वाजते' म्हणेल, त्यानं आफ्केचा फुलाफुलांचा एप्रन बांधून सगळ्यांना वाटाण्याचं सूप वाढायचं. फ्रीसलंडमध्ये हिवाळ्यात करमणुकीची साधनं कमी.

दरवर्षी एप्रन वीबेच बांधायचा. त्याचं त्याला एवढं वाईटही वाटत नसे. पण यंदा खानावळीत त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं येऊन बसली होती. होणारी विहीण बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारी होती. तिच्यासमोर एप्रन बांधण्यापेक्षा कालव्यात उडी टाकलेली बरी, असं वीबेनं मनाशी पक्कं केलं होतं.

तयारीही तशीच केली होती. अंगालगत लोकर, त्यावर पुन्हा लोकर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी आणि त्यावर पाणी अडवणारं काहीतरी. पायात मोज्यांवर मोजे आणि नवे कोरे बूट. यात माणूस उबदार राहतो, कोरडा राहतो आणि हवा तसा हिंडतो, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टींचं माहीत नाही. तिसरीसाठी गुडघे वाकावे लागतात.

रिंकच्या पायात जुने रबरी बूट आणि पातळ मोजे. "मोज्यांवर मोजे कोंबलेस तर रक्त कुठून जाणार, लेका? पाय चालते ठेवायचे. माझ्या पायांना कित्येक हिवाळ्यांत थंडी शिवलेली नाही." या विषयावर त्यानं गळवाल्यांच्या क्लबात भाषणही ठोकलं होतं. त्याचं ऐकून अर्धा क्लब पातळ मोज्यांवर आला आणि आठवड्याभरात अंथरुणाला खिळला. तरी रिंकचा मान कमी झाला नाही. त्याचे पाय खरोखरच गार पडत नव्हते, यापुढं कोण काय बोलणार?

वळणावर वीबेच्या गळाला पाइक लागला. चांगला हातभर, तोंडभर दात. आता या माशाला कोरड्या हातमोज्यांनी धरायचं नसतं, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा मरतो. वीबेनं हातमोजे काढले, हात पाण्यात बुडवले, गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात सोडला. बोटं जागेवर आहेत की नाहीत, हे त्यानं डोळ्यांनी बघून खात्री केली.

"बोल, बोल. मनात ठेवू नये," रिंक प्रेमानं म्हणाला.

"छान मासा होता," वीबे म्हणाला. दात वाजत असल्यामुळं ते वाक्य बरंच लांबलं.

पुढं काठावरचा बोरू छपरांसाठी कापून नेला होता. खाली तिरके, टोकदार खुंट उभे होते. वीबे नवे बूट जपत कुरणातून वळसा घालून गेला. रिंक सरळ खुंटांतून तुडवत निघाला. "नवरदेवासारखा काय चालतोस रे?" तो पलीकडून ओरडला. वीबेनं तेही गिळलं.

आणि काय सांगावं, पोचला! खानावळीच्या दारात बूट काढून तो आत आला. उबेत येताच बोटांत कळा उठल्या, डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडातून शब्द नाही. विहीण चक्क त्याच्याकडे बघून हसली. वीबेला आयुष्यात प्रथमच आपले खांदे रुंद असल्यासारखं वाटलं.

रिंक बाकावर बसून विहिणीला पाइकची गोष्ट सांगू लागला. गोष्टीत मासा त्यानंच पकडला होता. बोलता बोलता त्यानं डावा बूट उपसला, तसं भळ्ळकन गढूळ पाणी जमिनीवर सांडलं.

"कालवाच घेऊन आलास की रे!" आफ्के ओरडली. सगळे हसले.

रिंकनं जमिनीकडे पाहिलं. "हे कुठून आलं? वीबे, तुझे नवे बूट गळतात वाटतं!" लोक पुन्हा हसले.

वीबे फडकं घेऊन खाली वाकला. रिंकच्या बुटाच्या तळातून बोरूचा खुंट आरपार आला होता. मोजा रक्तानं काळपट झाला होता. वीबेनं हळूच रिंकच्या पायाचा अंगठा चिमटला. रिंक गोष्ट सांगत राहिला. वीबेनं नख रुतवून पुन्हा चिमटला. गोष्टीतला मासा आणखी थोडा लांब झाला.

वीबेनं अंगठा सोडला. इतके हिवाळे आपण या पायांचा हेवा केला! आता सरळ सांगावं, तर रिंक मेला तरी डॉक्टरची पायरी चढणार नाही. दुसऱ्याची फजिती बघायला मात्र तो कुठंही येईल.

वीबेनं फडकं त्या पायाभोवती गुंडाळलं आणि उभा राहिला. एकदा विहिणीकडे पाहिलं. मग सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"हरलो मी, रिंक. थंडीनं पाय गेले माझे. चल, मला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे घेऊन चल."