पोरीचा रक्तगट

“माहा गट पॉझिटिव्ह हाय. मंग पोरीचा निगेटिव्ह कसा आला?”

दवाखान्याच्या त्या लहानशा खोलीत गोपालनं विचारलं. पोर काल सकाळी जन्मलेली. पूनमच्या कुशीत ती आपली मूठ चोखत पडली होती.

पूनमचा स्वतःचा गट निगेटिव्ह. ते कळलं तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळ बापासारखं पॉझिटिव्ह निघालं तर आईला लगेच इंजेक्शन द्यावं लागेल, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. गोपालनं त्यातलं ‘बापासारखं’ एवढंच मनात धरून ठेवलं. इंजेक्शन त्यानंच आदिलाबादभर हिंडून आणलं होतं, बर्फाच्या पिशवीत. आणि आता नर्स सांगून गेली होती की बाळ निगेटिव्ह आहे, इंजेक्शन लागणार नाही. खरं तर चांगली बातमी. पण गोपालचा चेहरा पाहून पूनमनं पोरीला आणखी जवळ ओढलं.

“असं काऊन पाहून राह्यले?”

“काई नाई. इचारून राह्यलो फक्त.”

फक्त! पूनमची आई विमलबाई खुर्चीतून उठली. जावयाला सुनावायचे चार शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. लेकीच्या संसाराकडे पाहून तिनं ते गिळले.

पूनमनं दाराकडे पाहिलं. दारात तिची सासू उभी होती. कालपासून तिथंच. जयवंताबाई बेल्याहून पहिल्या गाडीनं आली खरी, पण खोलीत म्हणून पाय टाकला नाही. काल विमलबाईनं मोठ्या हौसेनं नात पुढं केली, “घ्या विहीणबाई, तुमच्या घरची लक्ष्मी,” तर ही दोन पावलं मागं सरली आणि पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळली. पोरगी झाली म्हणून, दुसरं काय! विमलबाई लेकीजवळ बसून किती वेळ रडली होती. आणि आता तर सासूच्या हाती आयतं कोलीत मिळालं. आता ही बोलणार, पूनमला वाटलं.

जयवंताबाई बोललीच.

“बलाव डॉक्टरीणबाईले. आत्ताच्या आत्ता.”

डॉक्टर दमयंती आल्या. घरची भाषा तेलुगू, पण सीमेवरच्या बाळंतिणींनी त्यांना मराठी शिकवलेली. त्यांनी गोपालचं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

“हे बघा, प्रत्येकाला दोन वाटे मिळतात. एक आईचा, एक वडिलांचा. दोन्हींत एक जरी पॉझिटिव्ह असला, तरी माणूस पॉझिटिव्हच दिसतो. निगेटिव्ह वाटा आत लपून राहतो. तुमच्यात तो लपलेला असणार. तोच तुम्ही मुलीला दिला.”

“माह्यात कुठून येईन?”

“आईकडून, नाहीतर वडिलांकडून.”

“बाबाचा पॉझिटिव्ह हाय. आपरेशनच्या टायमाले पाह्यला होता.” गोपालच्या मनातली अढी काही सुटली नव्हती.

“मंग माहा पाहा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. जयवंताबाईनं दारातूनच हात पुढं केला होता.

“जलमात रक्त तपासलं नाई म्या. पण आज तपासा. माह्या सुनेवर कोनाचं बोट नको उठाले. माह्या पोराचंबी नको.”

पूनम तिच्याकडे पाहतच राहिली.

नर्सनं तिथंच उभ्या उभ्या बोटाला सुई टोचली आणि रक्त खाली लॅबमध्ये नेलं. मग जो वेळ गेला, तो पूनमला कळांच्या वेळेपेक्षा जड गेला. गोपाल खिडकीतून रस्त्याकडे पाहत होता. विमलबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. पूनमला एकच वाटत होतं, हिचाही पॉझिटिव्ह निघाला तर? डॉक्टरीण कितीही समजावो, या माणसाला ते पटेल?

डॉक्टर परत आल्या.

“निगेटिव्ह. अम्मा, तुमचा वाटा मुलात असणारच. तुमच्याकडून त्याला, त्याच्याकडून नातीला.”

गोपालची मान खाली गेली. “पूनम,” तो म्हणाला. पूनमनं तोंड फिरवलं. त्याचा हिशेब ती नंतर करणार होती.

डॉक्टर मात्र गेल्या नाहीत. काहीतरी आठवल्यासारख्या त्या जयवंताबाईकडे पाहत होत्या.

“अम्मा, गोपालच्या पाठीवर मुलं झाली का?”

जयवंताबाईनं चौकट धरली.

“तीन झाले.”

“मग?”

“तिगंबी दुसऱ्या दिवशी पिवळे पडले. हयदीसारखे. एकानंबी आठोडा नाई काढला.”

गोपालनं झटकन वर पाहिलं. आपल्या पाठीवर भावंडं होती, हे त्याला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर दाराशी गेल्या. कापसाचा बोळा धरलेला तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

“तुमचा गट निगेटिव्ह, बाळांचा पॉझिटिव्ह. अशा वेळी पहिलं मूल वाचतं, पुढच्यांना त्रास होतो. गोपाल झाला तेव्हाच हे इंजेक्शन मिळालं असतं तर तिघंही वाचली असती. तेव्हा तुम्हाला ते कोण सांगणार? यात तुमची काही चूक नाही.”

जयवंताबाईनं हळूच विचारलं,

“निस्तं गटानं झालं?”

“हो.”

“हाताचा काई दोस नाई?”

“हाताचा? कसला दोष, अम्मा?”

जयवंताबाईनं पहिल्यांदाच नातीकडे नीट पाहिलं.

“माह्या सासूनं सांगतलं होतं, का मी ज्या लेकराले हात लावतो, थे जगत नाई.”