पायाळूचा इलाज

"मी आत येत नाई," खुशालराव दवाखान्याच्या पायरीवरच अडून बसले. "पायाळूची बायको डॉक्टरकडून कंबर फोडून घेऊन राहिली, हे गावात कयलं तं माह्यापाशी कोन येईन?"

दुर्गाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर डाव्या तळपायाला आता आग काय, काहीच कळत नव्हतं.

खुशालराव जन्माला आले ते पायांकडून. पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण निघते, असा अंजनगावकडे लोकांचा विश्वास. दर रविवारी ओट्यावर माणसं पालथी पडायची. हे लाथा घालायचे आणि मिशीला पीळ द्यायचे. बायकोची कंबर धरली, तेव्हा तिलाही तोच इलाज. बिचारीने वर्षभर मुकाट्याने लाथा खाल्ल्या. कळ कंबरेतून पोटरीत उतरली, मग पाऊल लोंबायला लागलं. चालताना चप्पल गळून पडायची आणि तिला पत्ताही नसायचा.

शेवटी मुलगा नितेश तिला अकोल्याला घेऊन आला. डॉक्टर प्रतीक्षांनी आडपडदा ठेवला नाही. "मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. बारीक छिद्र पाडून दुर्बिणीतून ती मोकळी करू, उद्या घरी जाल. पण आणखी थांबलात, तर पाऊल परत उचलेलच असं नाही."

आणि नवऱ्याला पडली होती ओट्याची! दुर्गाबाई भिंत धरून, पाय ओढत दारापर्यंत आल्या.

"आपरेशनच्या कागदावर सही कराले आत येता का मी इथंच गाव गोया करू?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टरच बाहेर आल्या. खुशालरावांनी झटकन तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता.

"अरे, काका तुम्ही! गेल्या वर्षी पोळ्याच्या वेळी मणक्यात सुई दिली, त्यानंतर पाय दुखला नाही ना?"

त्या पोळ्याला खुशालराव अकोल्याला आले होते खरे. भाच्यासाठी पोरगी पाहायला, असं घरी सांगून. तिथून परतले त्याच रविवारी त्यांनी दुर्गाबाईंना पहिल्यांदा ओट्यावर पालथं पाडलं होतं.

दुर्गाबाईंनी नवऱ्याच्या फिरवलेल्या मानेकडे एकदा पाहिलं. मग नितेशकडे वळल्या.

"आन तो कागद. सही मी करतो."

सही झाली. त्यांनी पेन परत दिलं.

"मले लाथा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् सोताले सुई?"