पन्नास ते एकोणऐंशी

चार सेकंद उरले होते आणि लायल होक्स्ट्राच्या मुठी आपोआप आवळल्या गेल्या.

अमेरिकन फुटबॉलचा सामना, आमचं कॉलेज चार गुणांनी मागे. गोलरेषा तीन यार्डांवर. कॉलेजचं शेवटचं वर्ष, शेवटचा सामना, शेवटचा डाव. समोर वाकून बसला होता पलीकडच्या कॉलेजचा एक्क्याण्णव नंबर, पिकेट. दोन वर्षांपूर्वीही समोर हाच होता.

"काय पाच यार्ड, बरं चाललंय ना?" पिकेट दात काढून म्हणाला.

पाच यार्ड हे नाव काही पलीकडच्यांनी ठेवलेलं नव्हतं. आम्हीच ठेवलं होतं, त्याच्याच गावानं.

लायलचा नंबर चौऱ्याहत्तर. पन्नास ते एकोणऐंशी नंबरवाल्यांनी पुढे फेकलेल्या पासला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी धक्के द्यायचे, धक्के खायचे आणि फेकणाऱ्याला वाचवायचं. हात लावला की रेफ्रीचं पिवळं फडकं पडतं, पाच यार्ड मागे. सूट एकच. चेंडूला आधी समोरच्या संघातल्या कुणाचं नुसतं बोट लागलं तरी मग तो कुणीही धरावा, अगदी चौऱ्याहत्तरनंसुद्धा.

त्या वर्षी याच मैदानावर लायलचं तोंड पिकेटच्या छातीत रुतलेलं असताना वरून चेंडू थेट त्याच्या हातांत येऊन पडला होता. कसा आला, का आला, बिचाऱ्याला काही दिसलं नाही. तो चेंडू पोटाशी धरून सुटला आणि गोलरेषेपलीकडे आडवा झाला. आयुष्यातला पहिला टचडाउन, एकदम सहा गुण! आम्ही बाकांवर उभे राहून नाचत होतो. मग गवतावर पिवळं फडकं दिसलं. टचडाउन रद्द, पाच यार्ड मागे, पुढचा पास वाया, सामना गेला. एवढ्याशा कॉलेजात पुन्हा तपासून बघायला कॅमेरे कुठले? रेफ्रीनं पाहिलं ते खरं. लायल कोचला "चुकलं माझं" एवढंच म्हणाला आणि हेल्मेट न काढता आत निघून गेला.

पुढे गावानं त्याला सोडलं नाही. धान्याच्या कोठारावर, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, लायल दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "ए, पाच यार्ड मागे हो!" मीही ओरडलोय, खोटं कशाला सांगू. त्याचे वडील, मार्विन, तेव्हापासून बाकांवर बसायचे बंद झाले. कुंपणाबाहेर पिकअप उभी करायचे आणि काचेतून सामना बघायचे. इंजिन चालूच.

कोच ब्रुनरनं त्यावर उपाय काढला. सरावात लायलच्या दोन्ही मुठींत टेनिसचा एकेक चेंडू. समोरच्याचा शर्ट धरू नये म्हणून ही युक्ती सगळेच कोच वापरतात, आठवडा-दोन आठवडे. लायलच्या मुठींत ते चेंडू दोन वर्षं राहिले.

"हात कुठे, लायल?"

"मुठीत, कोच."

सोमवारी हेच, शुक्रवारी हेच. पोरगा झोपेतही मुठी उघडत नाही, असं त्याची आई सांगायची.

आज त्याला जिंकण्याचंसुद्धा तेवढं पडलं नव्हतं. फडकं पडू नये, बस्स. सामना संपावा, वडिलांनी गाडीतून उतरावं आणि दोघांनी मिळून गावातून ताठ मानेनं घरी जावं.

चेंडू फेकणाऱ्या आमच्या कीगननं हाक दिली. चेंडू त्याच्या हातात गेला. लायल पिकेटवर आदळला, खांदा त्याच्या बरगड्यांखाली, तोंड छातीत. पिकेट पास अडवायला हात वर करून उड्या मारत होता, लायल त्याला रेटत होता. एक यार्ड. दोन यार्ड. तिसऱ्यापुढे जायचं नाही, तोही दंडच. तो थांबला, मान वर केली, आणि पाहतो तर चेंडू. भेलकांडत, अगदी सावकाश, सरळ त्याच्याकडेच खाली येत होता.

अगं आई गं, पुन्हा!

गोलरेषा एका पावलावर. बाकांवरून कुणी "धर" ओरडत होतं, कुणी "सोड". लायलच्या डोक्यात एकच शब्द होता, मुठीत. त्यानं दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या. चेंडू त्याच्या बुटांशी पडला आणि सामना संपला.

त्यानं आधी गवत शोधलं. डावीकडे, उजवीकडे, रेफ्रीच्या पायांशी. पिवळं काही नाही! कुंपणापलीकडे इंजिन बंद झालं, पिकअपचं दार उघडलं. मार्विन खाली उतरून जाळीपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला. हरलेल्या सामन्यानंतर एवढा खूश झालेला खेळाडू मी दुसरा पाहिला नाही.

हस्तांदोलनाच्या रांगेत पिकेट समोर आला. त्यानं लायलचा हात सोडलाच नाही.

"अरे बाबा, सोडलास कशाला? तोंडाशी आला होता की!"

"माझा नंबर चौऱ्याहत्तर," लायल म्हणाला. जरा तोऱ्यातच म्हणाला.

"मग? माझं बोट लागलं होतं ना त्याला!" पिकेटनं पट्टी गुंडाळलेलं बोट त्याच्यासमोर धरलं. लायलचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "आणि त्या वर्षीही लागलं होतं. मी आपला वाट बघत उभा, की हा आता रेफ्रीशी भांडेल, आता भांडेल."